आवाज आला नाही तर

आदेश शनिवारी सकाळी आला आणि तो एका ओळीचा होता. ‘राष्ट्राध्यक्षांच्या निर्णयानुसार रेडिओ केंद्राचे सर्व प्रसारण तत्काळ बंद करण्यात येत आहे.’ खाली कारण नव्हतं, मुदत नव्हती, आणि तक्रार कुठे करायची तेही नव्हतं. सोमवारी अकराही माणसं नेहमीप्रमाणे टायरच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर गेली, तेव्हा दाराच्या यंत्रानं एकाचंही कार्ड ओळखलं नाही.

‘‘बावीस वर्षं ह्या दाराला सलाम केला,’’ त्यांतली एक निवेदिका म्हणाली, ‘‘आणि आज ते विचारतंय, आपण कोण?’’

कोणी हसलं नाही. तिला केंद्रात सगळे सव्वासहा म्हणत. सकाळी सव्वासहाचं बातमीपत्र तिचं. हवेवर नाव सांगायची पद्धत नव्हती, त्यामुळे बाहेरही तिला नाव नव्हतं; होता तो फक्त आवाज. केंद्र समुद्रापलीकडच्या बलाढ्य देशाचं. ते चालायचं नदीकाठच्या या लहान गावातून, आणि बोलायचं नदीपलीकडच्या लोकांशी, त्यांच्याच भाषेत. पलीकडे एकच रेडिओ होता, तिथल्या सरकारचा. तो ऐकून ज्यांचं समाधान होत नसे, ते खिडक्या लावून घेत आणि काटा हळूच इकडे सरकवत.

तीही मूळची पलीकडचीच. चौतिसाव्या वर्षी एका बॅगेनिशी पूल ओलांडून आली, त्यानंतर मालाचे ट्रक सोडून बाकीच्यांना पूल बंद झाला. मागे आई राहिली. पहिली काही वर्षं पत्रं गेली-आली. मग अकरा वर्षांपूर्वी एका ट्रकवाल्याच्या खिशातून शेवटची चिठ्ठी आली. आई शाळामास्तरीण, तिला पाल्हाळ आवडत नसे. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘पत्र पाठवू नकोस, घरी चौकशी होते. तुझा आवाज रोज ऐकते, तेवढा पुरे. आवाज आला नाही, तर मी काय ते समजेन.’

तेव्हापासून सर्दी असो, ताप असो, तिनं एक सकाळ चुकवली नव्हती. रजा घेतली नाही, लग्न केलं नाही, सहकाऱ्यांबरोबर सहलीला गेली नाही. लोक म्हणत, बाईला कामाचं वेड आहे. ती नाही म्हणत नसे. पलीकडे आई आहे हे इकडे चार जणांना कळलं की पलीकडे चाळीस जणांना कळायला वेळ लागत नाही. म्हणून ती गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. आणि आता चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, असलीच, तर रोज सकाळी काटा जागेवर आणून बसणार आणि काय ते समजणार.

दुसऱ्या आठवड्यात वकिलीणबाईंचा फोन आला. केंद्राच्या बलाढ्य देशातल्या कर्मचाऱ्यांनी तिथल्याच न्यायालयात आपल्या राष्ट्राध्यक्षांवर खटला भरला होता, आणि या त्यांच्या वकील.

‘‘म्हणजे, असं करता येतं?’’ तिनं विचारलं.

‘‘करता येतं, मॅडम. हे केंद्र त्यांच्या घरचं नाही. संसदेनं कायदा करून काढलंय. बंद करायचं तर संसदेनं करावं. एका माणसाच्या लहरीवर नाही.’’ वकिलीणबाई तरुण वाटत होत्या. बोलताना टाइपही करत होत्या. ‘‘तुमचं निवेदन हवंय. बंदीमुळे तुमचं काय नुकसान झालं, तेवढं लिहा. जे खरं असेल ते, मोकळेपणानं.’’

‘‘ते निवेदन कोण वाचणार?’’

‘‘न्यायालयात दाखल झालं की कुणीही वाचू शकतं. तेच तर चांगलं आहे तिथलं.’’

तिनं जेवणाच्या टेबलावर कागद घेतला. बातमी लिहिताना तिचा हात अडत नसे, इथे तासभर अडला. शेवटी तिनं लिहिलं, ‘माझा पगार थांबला आहे. घरभाडे देणे अवघड झाले आहे.’ दोन्ही वाक्यं खरी होती. तरी सही करताना तिला खोटं बोलल्यासारखं वाटलं. जे नुकसान होतं ते कोर्टात सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत होतं ते तिच्या दृष्टीनं नुकसानच नव्हतं.

घरात दिवस मोठे झाले. ती पाच वाजता उठायची, आवरायची, घसा साफ करायची आणि मग खुर्चीवर बसून राहायची. शेजारीण म्हणाली, ‘‘आता झोपा की जरा निवांत. जन्मभर कोंबड्याच्या आधी उठलात.’’ तिनं हो म्हटलं. माणसं भली होती. पण त्यांच्याशी बोलून झालं की घर आधीपेक्षा रिकामं वाटायचं.

पुढच्या गुरुवारी सव्वासहाला तिनं सवयीनं रेडिओ लावला. खरखर येईल अशी अपेक्षा होती. त्याऐवजी स्वच्छ आवाज आला, ‘आता ऐका बातम्या.’

आवाज तिचा होता.

नदीकाठी कडाक्याची थंडी पडल्याचं ती सांगत होती. बाहेर उन्हाळा होता. खिडकीतून गरम वारा येत होता आणि तिचाच आवाज म्हणत होता, ‘घाटात बर्फामुळे वाहतूक खोळंबली आहे.’ ती उभीच राहिली. मग चपला घालून बाहेर पडली आणि टेकडीकडे जाणारी पहिली बस पकडली.

टेकडीवर मनोरा आणि मनोऱ्याखाली पत्र्याची खोली. तिथे यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ राहायचा. कुठल्याही रेडिओला कान लावला की ‘खरखर आहे’ म्हणायचा, म्हणून त्याचं नावच खरखर पडलं होतं. केंद्र बंद झालं तरी यंत्र देखरेखीखाली ठेवायचं, एवढ्यापुरती त्याची नोकरी शिल्लक होती.

‘‘या बाई! ऐकलंत का?’’ तो खुशीत होता. ‘‘यंत्र रोज तासभर तापवावं लागतं, नाहीतर दमट हवेनं कामातून जातं. म्हटलं, नुसतंच कशाला तापवा? मागच्या हिवाळ्यातलं तुमचं एक बातमीपत्र चाचणीसाठी ठेवलेलं होतं. लावलं! लोकांनी काटा हलवू नये म्हणून. आज चौथा दिवस.’’

‘‘चार दिवस तेच?’’

‘‘तेच. दुसरं आहेच कुठं?’’

‘‘दादा, पलीकडे रेडिओवर जुना आवाज कधी लावतात, माहीत आहे?’’

त्यानं नकारार्थी मान हलवली.

‘‘माणूस मेला की. निवेदक गेला की आठवडाभर त्याचे जुने कार्यक्रम लावतात. तो गेला असं सांगत नाहीत, नुसतं लावतात. आम्ही लहान असताना असा आवाज आला की आई रेडिओ बंद करायची. ‘गेला बिचारा,’ म्हणायची.’’

खरखरच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली. ‘‘अहो, पण कुणाला काय फरक... ऐकणाऱ्याला थोडंच तुमचं...’’ तो थांबला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. ‘‘पलीकडे कोण आहे, बाई?’’

अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी हे विचारलं. खोलीत यंत्राची घरघर चालू होती.

‘‘आई,’’ ती म्हणाली. ‘‘असली तर.’’

त्यानं हात लांब करून ध्वनिमुद्रण बंद केलं. मग पाना उचलून पुसू लागला. ‘‘करायला गेलो एक न् झालं एक,’’ तो म्हणाला. ‘‘आता नुसतं यंत्र तापवीन. आवाज नाही.’’

‘‘आवाज नाही,’’ ती म्हणाली. पण उतरताना तिला कळेना, यातलं वाईट कुठलं: काहीच न ऐकू येणं, की मेलेल्या माणसासारखं ऐकू येणं.

एक्केचाळिसाव्या दिवशी निकाल आला. वकिलीणबाई फोनवर अक्षरशः ओरडल्या. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की कायद्यानं उभारलेली गोष्ट राष्ट्राध्यक्षांना एका सहीनं मोडता येत नाही. प्रसारण पुन्हा सुरू करा. ज्या खुर्चीपुढे निम्मं जग उभं राहतं, त्या खुर्चीला कुणीतरी लहान गावातल्या शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं होतं, हे तुझं नाही, हात लावू नकोस. निकाल देणाऱ्याला ही नदी माहीत नव्हती. आईबद्दल त्याच्यासमोर एक अक्षर नव्हतं. तरी निकाल लागला होता.

दार उघडलं. साहेबांनी, म्हणजे शाखाप्रमुखांनी, सगळ्यांना खोलीत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त घाबरलेले होते.

‘‘प्रसारण सुरू करायचं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘वरून सूचना आली आहे. सकाळी दहा मिनिटं वाद्यसंगीत.’’

‘‘आणि बातम्या?’’ तिनं विचारलं.

‘‘सध्या संगीत. प्रसारण म्हणजे प्रसारण. आदेशाचं पालन झालं.’’

‘‘साहेब, हे तोंडाला पानं पुसणं झालं.’’

‘‘बाई, कायद्याचा कीस काढू नका. अपील होणार आहे, उद्या निकाल फिरला तर? ज्याच्या हाती ससा तो पारधी.’’

‘‘पण ससा त्याच्या हाती नाही, असंच न्यायाधीश म्हणालेत ना?’’ तिचा आवाज चढला नव्हता. बातमीपत्राचाच आवाज होता, म्हणून सगळे ऐकत राहिले. ‘‘ज्या कायद्यानं हे केंद्र उभं राहिलं, त्यात काय लिहिलंय? बासरी?’’

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी कपाळ पुसलं. ‘‘तुमच्या जिभेला हाड नाही. मी विचारतो वर.’’

‘‘विचारा. मीही विचारते.’’

तिनं वकिलीणबाईंना फोन लावला. कायद्यात ‘बातम्या’ असं स्पष्ट होतं; ‘नियमित आणि विश्वासार्ह बातम्या’. वकिलीणबाईंनी न्यायालयाला कळवलं की हुकमाचं पालन वाद्यांवर उरकलं जात आहे. पाच सकाळी बासरी वाजली. तिनं त्या पाचही ऐकल्या. बासरी छान होती, आणि तिच्यातून कुणी जिवंत आहे की नाही ते कळत नव्हतं. सहाव्या दिवशी न्यायाधीशांचा दुसरा हुकूम आला. तो पहिल्यापेक्षा लहान होता आणि जास्त चिडलेला. संगीत म्हणजे बातम्या नव्हेत, बातम्या द्या.

मंगळवारी सहा वाजून दहा मिनिटांनी ती ध्वनिकक्षात बसली. भिंतींवरच्या जाड गालिच्याला बंद खोलीचा वास लागला होता. काचेपलीकडे साहेब स्वतः येऊन उभे होते. टेकडीवरून खरखरचा फोन आला, ‘‘यंत्र गरम आहे, बाई. आवाज जाईल तेवढा सगळा पाठवतो.’’

लाल दिवा लागला.

‘‘नमस्कार. आज मंगळवार, अठरा तारीख. आता ऐका बातम्या.’’

तारीख ती नेहमीच सांगे. आज तिनं ती सावकाश सांगितली, विद्यार्थ्याला शुद्धलेखन घालावं तशी. पहिली बातमी निकालाची होती. राष्ट्राध्यक्षांचा आदेश काय होता, न्यायाधीश काय म्हणाले आणि सरकारचं म्हणणं काय, हे तिनं त्याच क्रमानं वाचलं. सरकारचं म्हणणं तिनं एका शब्दानंही कापलं नव्हतं. मग पिकांची, रस्त्यांची आणि हवामानाची बातमी. उन्हाळा कडक. नदीचं पाणी उतरलेलं.

शेवटचा कागद उलटला तेव्हा चाळीस सेकंद उरले होते. मुद्दाम नाही, बावन्न दिवसांनी वाचताना तिचा वेग जरा वाढला होता. चाळीस सेकंद हवेवर म्हणजे खूप वेळ. त्यात एक वाक्य सहज बसलं असतं. साहेब काचेपलीकडे हात बांधून उभे होते, पण त्यांच्यासाठी ती थांबली नव्हती. बातमीपत्रात स्वतःचं काही बोलायचं नाही, हा नियम तिनं बावीस वर्षं पाळला होता, आणि पलीकडे एका घराच्या दारावर थाप पडायला एक शब्द पुरला असता. शिवाय जो माणूस स्वतःवरची मर्यादा मोडतो, त्याचीच बातमी तिनं आता वाचली होती.

तिनं श्वास घेतला. तो माइकवर ऐकू गेला. निवेदकानं श्वास ऐकू देऊ नये, हे ती नव्यांना शिकवत असे.

‘‘ठळक बातम्या पुन्हा एकदा,’’ ती म्हणाली. ‘‘आज मंगळवार, अठरा तारीख.’’

दिवा विझला. साहेब दार उघडून आत आले आणि म्हणाले, ‘‘व्यवस्थित झालं.’’ मग थोडं थांबून, ‘‘मी उगाच घाबरत होतो.’’ ती मान हलवून बाहेर आली. टेबलावरचा फोन वाजला.

‘‘आवाज स्वच्छ गेला,’’ खरखर म्हणाला. ‘‘पार पलीकडच्या डोंगरापर्यंत पोचला असणार.’’ तो घुटमळला. ‘‘त्यांनी ऐकलं असेल, बाई.’’

‘‘कळायला मार्ग नाही, दादा.’’

‘‘नाही,’’ त्यानं कबूल केलं. ‘‘तो नाहीच.’’

खाली टायरचं दुकान उघडत होतं. शटरचा आवाज वर आला. बाकीचे अजून यायचे होते. ती पाणी प्यायली आणि तिनं संगणक लावला. नवी बातमी येऊन पडली होती: सरकार निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात गेलं होतं आणि सुनावणीला एकोणीस दिवस होते. म्हणजे निदान एकोणीस सकाळी कुणाला हात लावता येणार नव्हता. पुढचं तिकडे, तिनं कधी न पाहिलेल्या एका खोलीत ठरेल.

तिनं खुर्ची पुढे ओढली आणि बुधवारच्या बातमीपत्राला सुरुवात केली. अपिलाची बातमी तिनं पहिली घेतली. दोन्ही बाजू आल्या, चार वाक्यांत बसली.