काकाचं रक्त

मी बोलतोय, बसऱ्यातल्या एका इस्पितळातलं रक्त तपासायचं यंत्र. तोंड फुटलंय माझं, तरी बोलणार. ज्यानं फोडलं त्याचं नाव अबू तहसीन.

माझं काम एवढंच: तांबड्या पेशींना सांभाळणारं अँटिऑक्सिडंट बळ रक्तात किती आहे ते मोजायचं. चांगले धडधाकट शेठ हौसेनं मोजून घ्यायला यायचे. त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. पण इथल्या कित्येक पोरांत हे बळ जन्मापासूनच कमी. त्यांनी बागिल्ला, म्हणजे घेवड्यासारख्या बाकल्याच्या शेंगेतले मोठे दाणे खाल्ले, की पेशी फटाफट फुटतात. त्यांचा जीव माझ्या आकड्यावर टांगलेला.

सज्जाद नावाचा पोरगा असाच बागिल्ला खाऊन आला, पिवळाधम्मक, लघवी काळ्या चहासारखी. त्याचा काका अबू तहसीन बाही सरसावून ओरडला, "माझं रक्त घ्या! आधी चढवा, तपासण्या मग करत बसा!" इथे काका असा उभा राहिला की डॉक्टरसुद्धा वाद घालत नाही. रक्त चढलं आणि मग नमुना माझ्याकडे आला. मी मोजलं. बळ भरपूर! डॉक्टर म्हणाला, "खुशाल खाऊ दे बागिल्ला."

पोरानं खाल्ला. या वेळी शुद्धच हरपली.

काका लोखंडी गज घेऊन प्रयोगशाळेत घुसला. पहिला घाव निदालबाईंच्या कपाळावर. नमुने त्याच तपासायच्या. भळाभळा रक्त वाहिलं. "खोटारड्यांनो! पोराला मारायला निघालात!" पुढचे घाव माझ्यावर. काच फुटली, झाकण उडालं, तारा लोंबल्या. गज निसटला तर मुठींनी हाणत राहिला. यंत्राला दुखत नाही म्हणे! मेल्यांनो, एकदा गज खाऊन बघा.

"अहो, ते तुमचं रक्त होतं!" निदालबाई जमिनीवरून किंचाळल्या. "चढवल्यावर नमुना घेतला. या यंत्रानं तुमचं बळ मोजलं, पोराचं नाही!"

त्याची मूठ हवेतच थांबली. "माझं?"

"तुमचंच. आणि आता पुन्हा तेच लागणार. बाही वर करा."

माझ्या काचांनी त्याचा उजवा हात फाटला होता. बाईंनी डाव्या हातात सुई घातली. त्यांच्या कपाळाचं रक्त त्याच्या मनगटावर ठिबकत होतं, आणि तो धिप्पाड माणूस ढसाढसा रडत होता.

सज्जाद वाचला. मी अडगळीत पडलोय. माझ्या जागी नवं यंत्र येईल, तेही बिचारं समोर येईल तेच मोजणार. बाबांनो, नळी पुढे करण्याआधी विचारा, हे रक्त नक्की कुणाचं? दुसऱ्याचं असेल तर ते ओसरेपर्यंत काही महिने थांबा, आणि तोवर पोरापुढचं बागिल्ल्याचं ताट उचला.