कादर, खादर आणि यल्लम्मा

मलकपेठेतल्या त्या धर्मादाय इस्पितळाच्या खिडकीवर शिल्पा धारूरकरच्या प्रोग्रॅमची पहिली परीक्षा झाली आणि तो सपशेल नापास झाला.

साल होतं १९९६. खिडकीशी साठीतले एक गृहस्थ उभे होते. दम्यासाठी अकरा वर्षं तिथंच येत होते. नाव विचारलं तर म्हणाले, "कादर मियाँ." शिल्पानं स्वतः टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं, असा रुग्ण नाही.

"नहीं कैसा?" कादर मियाँ म्हणाले. "मैं सामने खड़ा हूँ ना!"

रांगेतली माणसं हसली. मागे उभे असलेले रेकॉर्ड रूमचे हिम्मतराव आत गेले आणि चार मिनिटांत पिवळी पडलेली फाइल घेऊन आले. फाइलीवर तेच नाव होतं, पण इंग्रजीत 'खादर' असं लिहिलेलं. नोंदणी करणाऱ्या मुलींनी ते संगणकात जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. त्यांची काही चूक नव्हती. कादर आणि खादर हे एकच, हे संगणकाला कुणी सांगितलंच नव्हतं.

इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टर सुजाता रेड्डी बाजूलाच होत्या. त्या रागावल्या नाहीत, तेच शिल्पाला जास्त लागलं. "देखो अम्मा," त्या म्हणाल्या, "मार्च में हिम्मतराव रिटायर हो रहे. तब तक ये चलना. नहीं तो कपड़ा ओढ़ा के रख देंगे."

निघताना शिल्पानं हिम्मतरावांना विचारलं, "तुम्ही कसं शोधता हो?"

"मी नावावरून शोधतच नाही बाई," ते म्हणाले. "तोंडावरून शोधतो. हा माणूस दिसला की तिसरं कपाट, खालचा कप्पा. आता ते तुमच्या मशीनला कसं शिकवायचं, मला नाही कळत."

शिल्पाची कंपनी दिलसुखनगरला होती, एका कोचिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर. उणीपुरी नऊ माणसं. सरकारनं दारं उघडल्यापासून शहरात अशा कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या. बहुतेकांचं तोंड अमेरिकेकडे. यांचं मात्र गावातल्याच कामांवर चाललेलं. टीमचा प्रमुख मिलिंद आगाशे पुण्याचा, हुशार आणि सरळ माणूस. शिल्पाचं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून त्याला गंमत वाटायची, पण कामात तिला तो कधी कमी लेखत नसे.

मिलिंदनं कपाटातून एक जाडजूड अमेरिकन पुस्तक काढलं. "यावर उत्तर आहे. सगळ्या जगात वापरतात. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. आकडा जुळला की नाव जुळलं."

दोन दिवसांत त्यानं ते लिहूनही काढलं. शिल्पा तपासायला बसली. रमा, राणी आणि रेणू, तिघींना एकच आकडा. एका बाईची फाइल मागितली तर तीनशे बायका पडद्यावर. उलट कादर कुणी 'के'नं लिहिला असेल आणि कुणी 'क्यू'नं, तर ते एकमेकांना जन्मात भेटणार नव्हते, कारण पहिलं अक्षरच वेगळं. यल्लम्माचंही तेच. अर्ध्या फाइलींत ती 'वाय'च्या कप्प्यात होती, उरलेल्या अर्ध्यांत 'एल्लम्मा' होऊन 'ई'च्या.

"थोडी डागडुजी करू," मिलिंद म्हणाला.

न सापडलेल्या नावांची लांबलचक यादी छापून शिल्पानं पिशवीत घातली आणि घरी नेली.

गौलीगुड्यात धारूरकरांचं घर म्हणजे वकील-मास्तरांचं घर. काका हायकोर्टात, एक आत्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका. शिल्पाचे वडील गणेशराव, म्हणजे अण्णा, तेवढे रेशनच्या कचेरीत कारकून. एकतीस वर्षं त्यांनी कार्डांवर नावं लिहिली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरात कुणी कधी त्यांना हिणवलं नाही, पण लग्नाकार्यात ओळख करून देताना काकांच्या कामाला दोन वाक्यं लागायची आणि अण्णांच्या कामाला अर्धं. अण्णा स्वतःच म्हणायचे, "आमचं काय, जन्मभर नुसती नावं खरडली."

रविवारी दुपारी चहा घेताना यादी टेबलावर पडली होती. अण्णांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि गालातल्या गालात हसू लागले.

"काय झालं अण्णा?"

"हे तर सगळे माझेच लोक! कुणाकुणाकडून लिहून घेतलंय हे?"

"म्हणजे?"

"हे बघ." त्यांनी पेन्सिल घेतली. "हा 'क्यू'वाला कादर आहे ना, तो उर्दू शिकलेल्या माणसानं लिहिलाय. त्याला क आणि क़ मधला फरक कळतो. 'के-एच'वाला लिहिलाय तेलुगू कारकुनानं. आमच्या कचेरीतले सगळे असंच लिहायचे. आणि हा साधा 'के'वाला एखाद्या नर्सबाईनं, कानावर पडला तसा. माणूस एकच. लिहिणारा हात वेगळा."

शिल्पानं कप खाली ठेवला. "आणि लक्ष्मी?"

"लक्ष्मी एकटी कुठं येते? लक्ष्मी, लछमी, लच्चमा, लच्चव्वा. कुणी 'एक्स' घालतं, कुणी 'टी-सी-एच'. ज्योतीत तेलुगू माणूस हटकून 'एच' घालणार. हनुमंतूचा 'एच' खेड्यातला माणूस खाऊन टाकतो, त्याचा होतो अनुमंतू. महंमदाचं तर विचारूच नक्को. एम-डी, एम-ओ-एच-डी, मी सतरा तऱ्हा मोजल्यात. आणि बायकांचं बघ. गावाकडून आली तेव्हाची फातिमा बी, शहरात दहा वर्षं राहिली की होते फातिमा बेगम. दोन कार्डं काढली म्हणून साहेब ओरडायचा. मी म्हणायचो, साहेब, बाई एकच आहे, नाव मोठं झालंय फक्त."

अण्णा बोलत होते आणि पेन्सिल चालत होती. प्रत्येक नाव ते आधी उर्दूत लिहायचे, मग तेलुगूत, मग नागरीत आणि शेवटी इंग्रजीत. निजामाचं राज्य संपलं त्या अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनपर्यंत त्यांची शाळा उर्दूत झाली होती. पुढे मराठी आणि इंग्रजी आली, नोकरीत तेलुगू. चारही लिप्या त्यांच्या बोटांतून अशा सहज उतरत होत्या की शिल्पा बघतच राहिली. जन्मापासून ती या माणसाच्या घरात राहत होती, आणि याला एवढं येतं हे तिला आज कळत होतं.

तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख उजळलं. मिलिंदचं पुस्तक इंग्रजी अक्षरांपासून निघत होतं. या शहरात इंग्रजी अक्षर सगळ्यात शेवटी येतं. आधी बोलणाऱ्याचं तोंड, मग ऐकणाऱ्याचा कान, मग लिहिणाऱ्याची शाळा. तिथून उलटं चालत आलं तर माणूस सापडणार.

"अण्णा, रोज सकाळी मला तासभर द्याल?"

"मला कुठं जायचंय? विचार काय विचारायचं ते."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला दोघं टेबलाशी बसू लागली. अण्णा सांगायचे, शिल्पा नियम लिहायची. सुरुवातीचा 'ये' आणि 'ए' एकच धरा. 'त' नंतरचा 'एच' सोडा. बी आणि बेगम नावात धरूच नका. तेलुगू नावात पुढं लावलेलं घराण्याचं अक्षर वेगळं काढा. एखादा नियम जास्त सैल झाला, की भलतीच माणसं एकत्र यायची. मग शिल्पा ऑफिसातून तसा कागद आणायची आणि अण्णा चिडायचे, "बशीर आणि नसीर एक कसे होतील? डोकं ठिकाणावर आहे का तुझ्या मशीनचं?" आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोहे गार झाले. बशीरलाच वाढू का?"

अकरा दिवसांत एकशे चाळीस नियम झाले.

मिलिंदला ते पटलं नाही. "शिल्पा, नियम असे गल्लीबोळातून गोळा करत नसतात. याला शास्त्र लागतं. उद्या दुसऱ्या गावी गेलो तर काय करणार?"

"तिथल्या गल्लीत जाऊ," ती म्हणाली. "सर, खिडकीवर आमच्याच गल्लीतली माणसं येणार आहेत. अमेरिकेतला कुणी येणार नाही."

मिलिंदनं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. भांडायचं कशाला, मोजू."

हिम्मतरावांनी रोजच्या रांगेतली पाचशे नावं लिहून दिली, लोकांनी तोंडानं सांगितली तशी. आधी पुस्तकातल्या पद्धतीनं शोधलं. योग्य फाइल निघाली दोनशे ऐंशी जणांची. मग शिल्पाचा प्रोग्रॅम लावला. बाकीची आठही माणसं तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. आकडा वाढत गेला. चारशे ओलांडले तेव्हा कुणीतरी शिट्टी घातली. चारशे त्रेसष्टवर थांबला.

मिलिंद खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. वाचता वाचता एका जागी बोट ठेवलं. बहुतेक नियमांपुढे शिल्पानं बारीक अक्षरांत 'जी. डी.च्या सांगण्यावरून' अशी टीप टाकली होती.

"हा जी. डी. कोण? कुठलं पुस्तक आहे हे?"

"पुस्तक नाही सर. गणेश धारूरकर. माझे वडील."

"भाषेचे प्राध्यापक आहेत?"

क्षणभर तिच्या जिभेवर तेच अर्धं वाक्य आलं, 'सरकारी नोकरीत होते'. ते तिनं गिळलं. मान ताठ करून म्हणाली, "रेशन कचेरीत कारकून होते. एकतीस वर्षं या शहराची नावं लिहिलीत त्यांनी. यातला एकही नियम माझा नाही. मी फक्त मशीनला कळेल असं लिहिलं."

"इस्पितळात जाऊ तेव्हा त्यांना घेऊन ये," मिलिंद म्हणाला. "आणि त्या टिपा काढू नकोस. राहू देत."

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घालून खिडकीमागच्या स्टुलावर बसले. हिम्मतराव त्यांच्या बाजूला. दोघा म्हाताऱ्यांचं पाच मिनिटांत असं जमलं की बोलणं ऐकून घ्यायला डॉक्टर सुजाताही थांबल्या. रांग पुढे सरकू लागली. नाव, टकटक, फाइलीचा नंबर. नाव, टकटक, नंबर. कधी चार-पाच नावं एकदम यायची, मग वडिलांचं नाव किंवा गाव विचारलं की एक उरायचं. हिम्मतराव आधी सवयीनं उठत होते. तासाभरानं बसून राहिले.

एक म्हातारी भाजीवाली आली, टोपली बाहेर ठेवून. "यल्लम्मा," म्हणाली. शिल्पानं टाइप केलं. पडद्यावर नाव उमटलं, 'ई'वालं एल्लम्मा, गाव इब्राहिमपट्टणम, नंबरासकट.

"मिळाली हो तुमची फाइल!" शिल्पा भान विसरून मोठ्यानं मराठीतच बोलली.

म्हातारीनं तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. हिम्मतरावांनी तेलुगूत सांगितल्यावर ती म्हणाली, "मी येतेच की इथं नेहमी. मिळणार नाही तर काय होणार?" आणि चिठ्ठी घेऊन निघून गेली.

शिल्पाला हसू आलं. चार महिन्यांची मेहनत, आणि बाईला त्यात काही घडलंय असंच वाटलं नव्हतं. पण मग तिच्या मनात आलं, असंच तर व्हायला हवं होतं. माणसानं नाव सांगावं आणि आपण ओळखले जाणार हे त्यानं गृहीत धरावं.

त्या दिवशी एकशे बारा जण आले. सहा सापडले नाहीत. अण्णांनी ती सहा नावं पाठकोऱ्या कागदावर लिहून खिशात घातली आणि घरी जाईपर्यंत त्यांच्यावरच बोलत राहिले. निघण्याआधी डॉक्टर सुजातांनी त्यांना हात जोडले. "धारूरकर साब, आपकी बेटी बहुत होशियार है."

"वो तो है," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "मेरे भी कान बुरे नहीं, मैडम."

अण्णा स्वतःबद्दल एवढं कौतुकाचं बोलल्याचं शिल्पानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिला रस्ताभर ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

वर्षभरात तो प्रोग्रॅम आणखी तीन इस्पितळांत लागला. नियम तीनशेच्या वर गेले. मिलिंद नवीन माणसांना कामाला लावताना आता आधी रेकॉर्ड रूममध्ये आठ दिवस बसवायचा. मग एक दिवस गुलबर्ग्याहून पत्र आलं. तिथल्या इस्पितळालाही हेच हवं होतं. शिल्पा घरी आली ती जरा चिंतेतच.

"अण्णा, तिथली निम्मी नावं कन्नड. तुम्हाला कन्नड येतं?"

"चार शब्द. त्यात नावं नाही लिहिता येणार." अण्णा विचारात पडले. मग एकदम उठून चपला शोधायला लागले. "मडिवाळप्पा! कानडी माणूस, कचेरीत माझ्या पलीकडच्या टेबलावर बसायचा, बावीस वर्षं. दिलसुखनगरच्या मागे राहतो. दुपारचा झोपत नाही तो. ऊठ, चल, तुझी वही घे."