तापाच्या एकोणीस चिठ्ठ्या

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर दिनकर खांबेटे कारखान्यातून घरी आले, ओव्हरकोट खुंटीला लावला आणि स्वयंपाकघरात डोकावले. ओटा कोरडा ठणठणीत. शेगडीवर काही नाही. पलीकडे अडगळीच्या खोलीचं दार लोटलेलं.

"दोघीही?" त्यांनी दाराकडे पाहून विचारलं.

"दोघीही," आतून त्यांच्या पत्नी वसुधाताईंचा आवाज आला.

"एकदम? मग आता मी खायचं काय?"

"बाबा, तुमच्याकडून टेर्मिन घ्यायला विसरलो आम्ही," सुलेखा म्हणाली. हॅनोव्हरमध्ये दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा टेर्मिन, म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ, असल्याशिवाय जाता येत नाही. आठ वर्षांत पोरगी ते पुरतं शिकली होती.

"जीभ आवर. विटाळशीनं कमी बोलावं."

दिनकररावांनी बटाटे उकडले. त्यांना तेवढंच येत असे. दार पायानं उघडून त्यांनी आतल्या दोन ताटल्यांत वरून, हातभर अंतरावरून बटाटे टाकले. एक ताटलीच्या काठावर आपटून उडाला, तो सुलेखानं बसल्या जागेवरून डाव्या हातानं हवेत झेलला. वसुधाताईंना हसू फुटलं. दिनकररावांना नाही.

ती खोली म्हणजे माणूस जेमतेम आडवा होईल एवढी. मुरंब्याच्या बरण्या, कोळशाची बादली, झाडू आणि खाली एक घोंगडी. अठरा वर्षांची सुलेखा वर्गातल्या जर्मन मुलींपेक्षाही चार बोटं उंच होती. तिला तिथं पाय दुमडूनच झोपावं लागे. घराची रचनाच अशी, की अडगळीतून स्वयंपाकघर, तिथून न्हाणीघर, आणि घराबाहेर पडायचं तर बैठकीच्या खोलीतून, देवांच्या समोरून. देवांच्या समोरून जायचं नाही, हा घरचा नियम. म्हणजे चार दिवस बाहेर पडायचंच नाही. शाळा बंद. मैदान बंद.

बाहेरच्या जगात दिनकरराव मोठे आधुनिक गृहस्थ. यंत्रशास्त्रात डॉक्टरेट केलेली. कारखान्याच्या सहलीत बिअरचा पेला उंचावताना त्यांचा हात कधी कापला नाही. पण घरात शिरले की त्यांना, परदेशातही सोवळं सांभाळीन, हा आईला दिलेला शब्द आठवे. हॅनोव्हरमध्ये शिकायला आलेली मराठी मुलं रविवारी त्यांच्याकडे वरणभाताला येत. संशोधन करणारा सुधीर तर दर खेपेला म्हणे, "काका, अख्ख्या जर्मनीत शुद्ध घर म्हणाल तर हे एकच!" मग दिनकरराव त्याला आणखी तूप वाढत. शब्द आईचा होता हे खरं; पण तो पाळण्याची गोडी या तुपातली होती.

आणि वसुधाताई? त्यांना नुसतं बिचारं म्हणून सोडून देता येणार नाही. मुलगी पहिल्यांदा बाजूला बसली, तेव्हा घोंगडी त्यांनीच अंथरली. शाळेला चिठ्ठी त्यांनीच लिहिली. शब्दकोश उघडून, वळणदार अक्षरात: 'माझ्या मुलीस ताप आहे, कृपया गैरहजेरी माफ करावी.' पुढच्या महिन्यात तीच चिठ्ठी, तारीख नवी. आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तीच. खोट्याला सवय लागली, की ते खोटं वाटेनासं होतं.

सुलेखाच्या हाताला बास्केटबॉल लागला आणि पोरीचं नशीबच पालटलं. सप्टेंबरात शाळेच्या सामन्यात तिनं एकटीनं चोवीस गुण केले. त्या दिवशी बाकावर विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षिका फ्राऊ ब्राखमान वही घेऊन बसल्या होत्या. गावातल्या शाळांमधून हातापायांनी चांगल्या मुली हेरायच्या, शाळा संपताच त्यांना आपल्या संघात ओढायचं, हेच त्यांचं काम. सामना संपल्यावर त्यांनी सुलेखाला गाठलं. संघात जागा, विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली, क्रीडाशिक्षणाच्या वर्गात प्रवेश. फक्त चाचणीला यायचं.

ऑक्टोबरातली पहिली चाचणी हुकली. ताप. नोव्हेंबरच्या सुरुवातीची दुसरी हुकली. ती मात्र तापामुळे नव्हे. त्या दिवशी दिनकररावांनी सत्यनारायण घातला होता आणि घरची मुलगी अर्ध्या चड्डीत उड्या मारायला गेली तर पाहुण्यांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. चिठ्ठीत मात्र तापच होता. आता शेवटची, शनिवारी सकाळी दहाला. त्यानंतर यादी बंद.

"आई, शनिवार म्हणजे माझा तिसरा दिवस," रात्री सुलेखा अंधारात म्हणाली होती.

शुक्रवारी पाच वाजता दाराची घंटा वाजली.

दिनकररावांनी दार उघडलं. बाहेर फ्राऊ ब्राखमान. धिप्पाड बाई, गळ्यात शिट्टी, काखेत जाड फाइल. दिनकररावांनी त्यांना बैठकीत बसवलं, स्वतः कॉफी केली, आणि येता येता अडगळीचं दार घट्ट लावून घेतलं. पण लाकूड पातळ. आत मायलेकींना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हेर खांबेटे, मी गोड बोलायला आले नाही," बाई म्हणाल्या; हेर म्हणजे श्रीयुत. "तुमची मुलगी दोनदा आली नाही. म्हणून मी शाळेतून हे मागवलं." फाइल टेबलावर आपटल्याचा आवाज आला. "एकोणीस चिठ्ठ्या. एकोणीस वेळा ताप. साधारण दर महिन्याला! माझा संघ गावोगाव खेळायला जातो. आजारी मुलगी घेऊन मी फिरू शकत नाही. मला सरळ सांगा, ती आजारी आहे का?"

आत सुलेखानं आईचा हात धरला. बाहेर कपबशीत चमचा फिरत राहिला.

"हो," दिनकरराव म्हणाले. "नाजूक आहे. जन्मापासूनच."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"धावपळ झेपायची नाही म्हणतात."

"मग विषय संपला." फाइल बंद झाली.

"आई," सुलेखा पुटपुटली, "मी नाजूक आहे?"

वसुधाताईंना त्या क्षणी आठवलं ते माहेरचं देऊळ. त्या तेरा वर्षांच्या होत्या, बाहेरच्या होत्या, आणि आत आत्मारामबुवांचं कीर्तन उभं राहिलं होतं. राहवलं नाही म्हणून त्या देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून, बोरीच्या काट्यांत बसून ऐकत होत्या. कुणीतरी चहाडी केली, 'बुवा, बाहेर विटाळशी बसलीय, देऊळ बाटतंय!' मृदंग थांबला. बुवा चिपळ्या घेऊन देवळाबाहेर आले, भिंतीला वळसा घालून थेट तिच्यासमोर उभे राहिले. ती पोर मुटकुळं करून बसली. बुवा म्हणाले, "बाळ, ज्यानं देह घडवला, त्याला देहाची शिसारी येत नसते. शिसारी येते राखणदाराला." आणि उरलेलं सगळं आख्यान त्यांनी तिथं, काट्यात उभं राहून, तिच्याकडे तोंड करून म्हटलं. पेटीवाला बिचारा आत एकटाच सूर धरून बसला. पुढच्या वर्षी पंचांनी बुवांना बोलावलं नाही.

पंचवीस वर्षं वसुधाताईंनी ती गोष्ट आठवणीत देव्हाऱ्यासारखी जपली होती. आज त्यांना पहिल्यांदाच उमगलं, की बुवांच्या गोष्टीतला राखणदार आता कोण आहे. घोंगडी कुणी अंथरली? चिठ्ठ्या कुणाच्या अक्षरात आहेत?

त्यांनी दार उघडलं.

"वसुधा!" दिनकरराव मराठीत ओरडले. "तिथंच थांब! एक पाऊल पुढे टाकू नकोस!"

वसुधाताईंनी टाकलं. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला, बैठकीत आल्या, देवांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. आठ वर्षं बाजारात घासाघीस करून जमवलेली जर्मन होती, तीच वापरली.

"माझी मुलगी आजारी नाही. कधीच नव्हती."

फ्राऊ ब्राखमाननी एकदा वसुधाताईंकडे, एकदा दिनकररावांकडे पाहिलं. "मग हे काय आहे?"

"जे तुम्हालाही होतं, तेच. आमच्या घरात त्यासाठी कोंडतात."

"कुठे?"

वसुधाताईंनी बोट दाखवलं. उघड्या दारातून कोळशाची बादली दिसत होती, घोंगडी दिसत होती, आणि चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून उभी असलेली सुलेखा. बाईंनी फाइल पुन्हा उघडली.

"या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?"

"मी."

"म्हणजे एकोणीस वेळा खोटं."

"हो. एकोणीस वेळा."

"मग आज खरं बोलताय हे मी कशावरून मानू?"

कीव नाही, माया नाही. वसुधाताईंना ते बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "मानू नका. उद्या खरं लिहून आणते. आणि मुलीलाही आणते. मग तुमच्या डोळ्यांनी बघा."

"दहाला. दहा वाजून एक मिनिटाला मी दार लावते." फ्राऊ ब्राखमाननी कॉफीला हातही न लावता फाइल उचलली, आणि जाताना दिनकररावांना म्हणाल्या, "आणि तुम्ही, हेर डॉक्टर, पुन्हा कुठल्या डॉक्टरचं नाव घेऊन माझ्याशी बोलू नका."

दार लागलं, आणि घर पेटलं.

"लाज नाही वाटली? परक्या बाईसमोर? देवांच्या पुढ्यात, या अवस्थेत! हे घर बाटवलंस तू. मी देव उचलून सुधीरकडे घेऊन जातो. आत्ता!"

"न्या की," वसुधाताई म्हणाल्या. "पण न्यायच्या आधी एक ऐका. छप्पन साली हे देव इथं कुणी आणले?"

"तूच आणलेस. आईनं सोवळ्यात बांधून दिले होते."

"मुंबईहून बोट निघाली आणि चौथ्या दिवशी मी बाहेरची झाले. केबिनमध्ये आम्ही चौघीजणी, वर-खाली फळ्यांवर. बाजूला बसायला बाजू कुठे होती? देवांची ट्रंक माझ्या फळीखाली. रात्री बोट हलली की ती सरकायची, मी पायानं आत ढकलायची. चारही दिवस."

दिनकरराव मटकन खुर्चीत बसले. "तू... मला सांगितलं नाहीस?"

"भीतीनं नाही सांगितलं. आठ वर्षं रोज सकाळी तुम्ही त्याच देवांना आंघोळ घालताय. तुमची बढती झाली, पोरगी चोवीस गुण करते. सांगा, देव कुठे बाटले?"

उत्तर नसलं की माणूस शहाणा होतोच असं नाही. ते एवढंच म्हणाले, "आजपासून तुझ्या हातचं पाणी मला वर्ज्य."

"बरं," वसुधाताई म्हणाल्या. "बटाटे कुठे ठेवलेत ते तुम्हाला ठाऊक आहे."

मग त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि विसावी चिठ्ठी लिहिली. शब्दकोश या वेळी फारसा लागला नाही. 'मी एकोणीस वेळा लिहिलं की माझ्या मुलीला ताप आहे. ते खोटं होतं. ती आजारी नव्हती. तिला शरीराच्या एका साध्या गोष्टीसाठी आम्ही बंद करून ठेवत होतो. दोष तिचा नाही, माझा आहे. आता असं होणार नाही.' खाली पूर्ण नाव, पूर्ण पत्ता.

शनिवारी सकाळी मायलेकी देवांच्या समोरून निघाल्या. दिनकरराव पाठमोरे पूजा करत होते. घंटी जरा जास्तच जोरात वाजली. वसुधाताई थांबल्या, हात जोडले, मग ट्राम पकडली. पावणेदहाला त्या विद्यापीठाच्या सभागृहात होत्या.

फ्राऊ ब्राखमाननी चिठ्ठी उभ्यानं वाचली. फाइलमध्ये लावली, एकोणीस चिठ्ठ्यांच्या वर. आणि शिट्टी फुंकली.

वसुधाताई बाकावर बसल्या होत्या. मुलीला खेळताना त्यांनी याआधी कधी पाहिलंच नव्हतं! दोन वर्षं त्यांना फक्त चेंडूनं काळवंडलेले हात दिसत होते, आणि त्या ते घासून काढायला सांगत होत्या. आता ती लांबलचक पोर पाय पसरून, हात उंच करून धावत होती, दोघींमधून निसटत होती, जाळीशी पोचत होती. तिच्या अंगात कुठेही घडी राहिली नव्हती. वसुधाताईंच्या ओठांवर आपोआप नामाचा गजर आला. तिथं टाळ नव्हते. फळ्यांवर चेंडूचा ठेका होता.

शेवटी बाईंनी यादीत सुलेखाचं नाव लिहिलं. पेन्सिलीनं.

"पहिले सहा महिने पेन्सिल," त्या म्हणाल्या. "आणखी एक ताप आला, की खोडरबर."

"खोडरबर लागणार नाही," वसुधाताई म्हणाल्या.

"गेनाऊ! अगदी बरोबर," सुलेखा धापा टाकत म्हणाली, आणि आईला घट्ट मिठी मारली. तिसऱ्या दिवसाच्या मुलीनं तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आईला. कुणावर वीज पडली नाही.

घरी काही लगेच गोकुळ झालं नाही. दिनकररावांनी देव हलवले नाहीत, पण महिनाभर ते कारखान्याच्या खानावळीतच जेवले, आणि बायकोशी बोलायचं ते भिंतीकडे पाहून. सुधीरनंही रविवारचं येणं बंद केलं. अडगळीतली घोंगडी वसुधाताईंनी धुऊन कोळसेवाल्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिली, आणि तिथल्या खुंटीला सुलेखाचे खेळाचे बूट टांगले.

मग त्यांनी पाच पोस्टकार्डं आणली आणि गावातल्या पाचही मराठी घरांना लिहिलं: 'येत्या रविवारी आमच्याकडे मी कीर्तन करणार आहे. मला येतं तसं. बायकांनी अवश्य यावं. कोणता दिवस आहे, हे दारात कुणी विचारणार नाही.'

पाचांपैकी तीन घरांतून कुणी आलं नाही. एका घरातून एक म्हातारी मावशी आल्या. आणि आरंभाचं नमन संपत आलं असताना दाराशी सुधीरची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको शुभा येऊन उभी राहिली, नवऱ्याला न सांगता. आत येईना. पायपुसण्यावर घुटमळत राहिली.

"काकू, मी इथूनच ऐकते," ती खालमानेनं म्हणाली. "माझा आज दुसरा..."

वसुधाताईंनी हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या, दारापर्यंत गेल्या, तिचा गार पडलेला हात धरला आणि तिला आत आणून देवांच्या अगदी जवळच्या खुर्चीवर बसवलं.

वाचकहो, तुमच्या दाराशीही आज कुणीतरी अशीच उभी असेल. ती आपणहून आत येणार नाही. तिला तसं शिकवणारे आपणच. उठून दारापर्यंत जायचं आहे ते आपल्याला.