कपल म्हणजे किती

मंगळवारी सकाळी लेकीचा मेसेज आला, तोही इंग्रजीत. प्रियदर्शनी हैदराबादला एका कंपनीत असते. एरवी ती मला मराठीतच लिहिते. साठीनंतर मी अक्षरं शिकलो ती तिच्याच हट्टानं. मराठी आता बऱ्यापैकी वाचतो. इंग्रजी मात्र डोळ्यांसमोरून नुसती जाते.

रविवारी तिच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. ती येणार का, एवढंच मला समजून घ्यायचं होतं. फोन घेऊन मी शाळेतल्या भगवानराव गुरुजींकडं गेलो.

गुरुजींनी चष्मा पुसला. "कमिंग इन अ कपल ऑफ डेज. येतीय म्हणती."

"कवा?"

"कपल म्हंजी दिसांची जोडी. नवराबायकोची असती तशी."

"म्हंजी कोयता," मी म्हणालो.

गुरुजी हसले. "तुमचं बरंय तानाजीराव. जोडप्याला बी कोयताच म्हणता."

म्हणणारच. ऊसतोडीला मुकादम माणसं मोजत नसे, कोयते मोजायचा. नवराबायको मिळून एक कोयता. त्यातलं एकजण अंथरुणाला लागलं की उरला तो अर्धा कोयता. बावीस वर्षं चंद्रभागा आणि मी एक कोयता होतो. मी तोडायचो, ती मोळ्या बांधायची. दोन म्हणजे दोन. त्यात कमीजास्त काही नसायचं.

म्हणून मी गुरुवार धरला.

बुधवारी फरशी धुतली. चंद्रभागेनं शिवलेली गोधडी उन्हात टाकली, पोरीला तीच लागते. गुरुवारी घाटनांदूरच्या स्टेशनावर जाऊन बसलो. हैदराबादची गाडी आली. दोन म्हाताऱ्या उतरल्या, मागून पोतं घेतलेला एक माणूस उतरला आणि गाडी परळीकडं निघून गेली. तरी मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत जाऊन आलो. फोन लावला, तिनं उचलला नाही.

परत येताना गुरुजींच्या ओट्यावर टेकलो.

"गुरुजी, तुमचं कपल खोटं निघालं."

"अहो, बोलण्यात ते इतकं काटेकोर नसतंय. दोन, तीन, चार बी. लवकर येते, एवढाच अर्थ."

"मग दोनाला दोन कावून म्हणायचं न्हाई?"

"आपुन तरी काय येगळं बोलतो? 'दोन दिसांत येतो' म्हणून गेलेला माणूस दोन दिसांनी आलेला बघितलाय का तुमी?"

गुरुजी सहज बोलून गेले. मी मात्र ओट्यावरून उठून घराकडं निघालो.

प्रियदर्शनी चार वर्षांची झाल्यापासून दर दिवाळीनंतर तिला माझ्या आईपाशी ठेवून आम्ही कारखान्याला जायचो. ट्रक हलला की ती मागं पळायची. चंद्रभागा तोंड फिरवून बसायची, म्हणून सांगायचं काम माझ्याकडं. "दोन दिसांत येतो गं बाय." ती ओरडून विचारायची, "दोनच ना?" मी वरून दोन बोटं दाखवायचो. यायचो ते गुढीपाडव्याच्या सुमाराला. एका वर्षी आलो तर तिनं मला ओळखलंच नाही, आजीच्या पदराआड गेली. पुढं पुढं तिनं पळणं सोडलं. मग विचारणंही सोडलं. दाराशी उभी राहून नुसती बघायची. मी तरीही दोन बोटं दाखवतच राहिलो.

संध्याकाळी मी फोनवर मराठीत लिहिलं, "बाय, कोणत्या वारी येतीस तेवढं लिही. वाट बघाया सोपं जातं."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "दादा, माफ करा, मंगळवारी मीटिंगमध्ये होते, घाईत लिहिलं. रविवारी सकाळी पोचते. पण संध्याकाळीच परत निघावं लागेल. चालेल ना?"

मी उठलो आणि शेजारच्या उत्तरेश्वरकडं गेलो. भावकीला सांगावा त्याच्याकडूनच जाणार होता. म्हटलं, "रविवारची पानं बाराला न्हाई, दहालाच वाढायची."

"एवढी घाई कावून? म्हातारीला काय गाडी धरायची हाय का?"

"म्हातारीला न्हाई, लेकीला. लवकर उरकलं तर दुपार तेवढी मला घावंल."

तो हसायचा थांबला. "बरं. सांगतो समद्यांना," म्हणाला.

घरी येऊन लेकीला उत्तर लिहायला बसलो. "चालंल", एवढी तीनच अक्षरं. लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. पाठवायला मला फार वेळ लागला.