रफूवाल्या अक्काची खुर्ची

मित्रांनो, अंगणात नळाशेजारी भिंतीला टेकून उभी असलेली, अंगभर काळे चट्टे पडलेली ॲल्युमिनियमची खुर्ची दिसली तर नाक मुरडू नका. ती मी आहे. हे चट्टे मला उन्हाने किंवा पावसाने दिलेले नाहीत. ते कसे पडले ते मी सांगणार आहे, कारण या घरातली माणसे त्या दिवसाचा विषय निघाला की उठून आत जातात.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोकळ नळ्या वाकवून माझे हातपाय केले, पट्ट्या ठोकून पाठ आणि बैठक केली. ठोकणारा कारागीर शेजारच्याला म्हणाला, "ही काही गंजायची नाही." ते ऐकून मी फुशारून गेले. कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्च्यांकडे मी तेव्हा फार तोऱ्यात पाहिले होते. लोखंडासारखे गंजत नाही म्हणजे आपल्याला काहीच होत नाही, असे मला वाटे. किती वेडी होते मी!

मला या घरी आणले ते अक्काच्या वडिलांनी. अक्का रफूचे काम करी. कोट उंदराने कुरतडला, शालीवर ठिणगी पडली, नवी पँट खिळ्याला अडकून फाटली, की लोक तिच्याकडे धावत. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून ती धागा काढी आणि बारीक सुईने उभे-आडवे असे विणत जाई की, भोक कुठे होते ते गिऱ्हाइकालाच सापडत नसे. या कामाला दिवसाचा स्वच्छ उजेड लागतो. म्हणून वडिलांनी मला अंगणात मांडले आणि म्हणाले, "आत अंधारात डोळे ताणत बसू नकोस. इथे बस." त्या दिवसापासून मी अक्काची झाले.

सुट्टीच्या दिवशी वडील मला स्वतः पुसत. कोमट पाण्यात थोडा साबण, जुन्या बनियनचा तुकडा, आणि सांध्यांतल्या मळासाठी टाकून दिलेला दातांचा ब्रश. पाण्याचे पांढरे डाग पडलेच तर पाण्यात जरासे व्हिनेगर. मग स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडे करत. तारेची घासणी त्यांनी मला कधी लावली नाही. येणारे-जाणारे विचारत, "नवी घेतलीत का खुर्ची?" तेव्हा वडील नुसते हसत. मित्रांनो, कौतुकाने पोट भरत नाही म्हणतात, पण माझे भरत असे.

वडील गेले आणि माझे दिवस पालटले. अक्काच्या मागे काम इतके असे की, तिला स्वतःच्या केसांतून फणी फिरवायला फुरसत नव्हती. तिथे मला कोण पुसणार? वरची टाकी भरून वाहिली की पाणी माझ्यावर ठिबके. पाखरे येऊन घाण करून जात. हळूहळू माझ्या अंगावर राखाडी थर चढला. हात लावावा तर बोटे काळी होत. अक्का माझ्यावर जुनी चादर टाकून बसू लागली.

एके दिवशी ती चादर धुऊन दोरीवर टाकली होती. अक्काच्या मांडीवर एका बाईंचा फिकट रंगाचा कोट होता. त्याची बाही माझ्या हाताला घासली आणि तिच्यावर काळा पट्टा उमटला. बाई कोट न्यायला आल्या, बाही पाहिली आणि म्हणाल्या, "अक्का, मी भोक बुजवायला दिलं होतं, डाग पाडायला नव्हे." अक्काने मान खाली घातली. इतक्या वर्षांत तिला कोणी असे बोलले नव्हते.

दारात उभ्या असलेल्या दादाने हे ऐकले. दादा हा अक्काचा थोरला भाऊ, एका गोदामात मुकादम. बहिणीवर त्याचा जीव होता, पण धीर त्याच्या गावी नव्हता. चहा निवेपर्यंत थांबायचे सोडून जीभ भाजून घेणारा माणूस.

"ही खुर्ची आधी भंगारात घाल," तो म्हणाला.

"बाबांची आहे रे."

"मग आत्ताच्या आत्ता लख्ख करून देतो."

त्याने तुंबलेल्या मोरीत टाकायच्या पावडरीचा डबा आणला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "डब्यावर काहीतरी लिहिलंय. वाचा तरी आधी."

"लिहिणारे लिहितात. मोरीची जाळी याच्यानंच आरशासारखी झाली."

ती जाळी स्टीलची होती. मी नव्हते. पण हे त्याला कोण सांगणार? त्याने एका ॲल्युमिनियमच्या पातेल्यात गरम पाणी घेतले, त्यात मूठभर पावडर ओतली आणि पातेले माझ्यापुढे ठेवले. मग ब्रश बुडवून माझ्या हातावर फिरवला. माझ्या अंगातून फेस आला, आधी पांढरा, मग काळा. दादा खूश होऊन म्हणाला, "बघ, कसा मळ निघतोय." मित्रांनो, तो मळ नव्हता. ती मीच होते.

पातेले माझ्याच जातीचे. त्याच्या पोटात तेच चालले होते; पावडर त्याला खात होती आणि त्यानेच पाणी आणखी तापत होते. ते फसफसू लागले. अक्का वाकून पाहायला लागली. "दादा, अरे खाली विस्तव नाही आणि हे उकळतंय कसं?" एवढे ती म्हणते न म्हणते तोच सगळे पाणी उसळले आणि तिच्या तोंडावर उडाले.

अक्का किंचाळली नाही. डोळ्यांवर हात धरून ती खाली बसली आणि म्हणाली, "पाणी. पाणी घाल."

नळ माझ्या पायाशी होता. दादाने हात लांबवला असता तर पुरला असता. पण त्याची मती गुंग झाली होती. त्याने आधी पंच्याने तिचे डोळे पुसले. मग "हे जाळतंय, आंबट घातलं की शांत होईल," असे पुटपुटत तो लिंबू शोधायला आत धावला. फळीवरचे डबे खाली पडल्याचे आवाज मला येत होते. अक्का हाताने जमीन चाचपत नळाकडे सरकत होती, पण उलट्या बाजूला. मी तिथेच होते. मला तोंड नव्हते.

शेवटी वहिनी आली. तिने अक्काला ओढत नळाखाली नेले आणि तोटी पूर्ण सोडली. दादा कापलेले लिंबू हातात घेऊन दारात थिजला होता. मग ते तिला घेऊन दवाखान्यात गेले आणि अंगणात मी व ते पातेले उरलो.

पुढचे मला कळले ते वहिनीने शेजारणीला सांगितले तेव्हा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "लगेच पाण्यानं धुतलं का?" एक डोळा गेला. दुसऱ्याने अक्काला फक्त उजेड आणि सावली कळते.

ती घरी आल्यावर दादा बरेच दिवस अंगणात फिरकला नाही. मग एकदा आला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला.

"अक्का, मला शिव्या तरी दे."

"त्यानं काय होईल?"

"मला बरं वाटेल."

अक्काने त्याच्या आवाजाकडे तोंड वळवले. मग म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून आता मी आणखी काही करणार नाही, दादा."

तो उठून गेला. त्यानंतर तो या घरात पाहुण्यासारखा वावरतो.

मध्यंतरी एक म्हातारे गृहस्थ कोट घेऊन आले. त्यांना काही माहीत नव्हते. अक्काने भोकावरून बोट फिरवले, वहिनीकडून सुई ओवून घेतली आणि टाके घालून पाहिले. धागे गोळा झाले. तिने ते उसवले, पुन्हा घातले, पुन्हा उसवले. मग कोटाची नीट घडी करून तो त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे माझ्याच्यानं होणार नाही." ते गेल्यावर ती कितीतरी वेळ माझ्या चट्ट्यांवर तळवे ठेवून बसली होती.

मित्रांनो, आम्हां ॲल्युमिनियमच्या वस्तूंना फार काही लागत नाही. साबण, कोमट पाणी, मऊ फडके आणि थोडा वेळ. मोरीची पावडर आम्हांला लावू नका. डब्यावरचे वाचा. आणि कोणाच्या डोळ्यांत असले काही उडालेच तर आधी पाणी, भरपूर पाणी, आणि तसेच दवाखान्यात. बाकी सगळे नंतर.

आणि एवढा वेळ तुमच्यापाशी नसेल, तर आम्हांला मळकेच राहू द्या. मळक्या खुर्चीवरही माणसाला बसता येते.