नवा अर्ज, जुनी उत्तरे

निराश्रितास आश्रय देण्याचा भार कायद्याने नगरपालिकेवर टाकला आहे. तत्पूर्वी त्याची दुर्बलता जाणून घेण्याचा भारही तिच्यावरच आहे. आणि दुर्बल मनुष्य बहुधा आपली दुर्बलता झाकण्यातच उरलीसुरली शक्ती वेचतो.

घड्याळजी दोन वाजल्यापासून निवारा विभागाच्या बाकावर बसून होते, म्हणजे क्षणोक्षणी उठत होते. मालकाने घर विकल्यावर पालिकेने दिलेल्या तात्पुरत्या खोलीची मुदत त्याच सायंकाळी पाचला संपत होती. ‘दुर्बल व्यक्ती’ असा शेरा मिळाला तर खोली राहणार, अन्यथा रस्ता.

“दादा, बस बघू! तुझ्या येरझाऱ्यांनी मला चक्कर येतेय,” धाकटी बहीण म्हणाली.

“पुन्हा एकदा म्हण.”

“पहिलं वय, दुसरं घर, तिसरं नातेवाईक, चौथं डोळे. आणि चौथ्याला खरं सांग.”

“खरं सांगितलं की नेऊन टाकतील आंधळ्यांच्या आश्रमात. माझी हत्यारांची पेटी तिथे कोण ठेवू देणार? तू काही बोलायचं नाहीस, शपथ आहे.”

तिने पर्स पोटाशी धरली.

त्या कचेरीची एक रीत होती. वेळ वाचावा म्हणून अर्जदाराच्या हाती कागद देत, चौकशी अधिकारी बाई केवळ क्रमांक उच्चारीत, आणि अर्जदार प्रश्न वाचून उत्तर देई. बहिणीने घरी आणलेल्या अर्जावरून घड्याळजींनी सर्व उत्तरे मुखोद्गत केली होती. मात्र अर्ज त्याच आठवड्यात बदलला होता.

घड्याळजींना आत बोलावून कागद हाती देताच, “एक,” बाई मान खाली घालूनच म्हणाल्या.

“अडुसष्ट.”

“दोन.”

“मालकाने विकलं हो.”

दुसरा प्रश्न आजारपणाचा होता. काही तरी बोलतात झालं, असे समजून बाईंनी ‘नाही’वर खूण केली.

“तीन. रोजच्या कामाला मदत कोणाची?” या वेळी मात्र त्यांनी प्रश्न वाचला.

“एक बहीण. बाहेर बसलीय.”

“चार.”

“उत्तम दिसतं!”

बाईंची लेखणी थांबली. चौथा प्रश्न होता: संकटकाळी कोणास कळवावे?

“काका, चौथा जरा वाचून दाखवा.”

घड्याळजींनी खिशातून घड्याळ काढून काट्यांवरून हळूच बोट फिरवले. त्याला काच नव्हती.

“चार पंचवीस झाले, बाई. तुमचं भिंतीवरचं मागे आहे. मघाशी चारचे ठोके दहा मिनिटं उशिरा पडले. टिकटिक लंगडतेय त्याची.”

बाई त्या बोटाकडे पाहत राहिल्या. “किती वर्षं दिसत नाही?”

“तीन,” घड्याळजी पुटपुटले. “आश्रमात नका टाकू.”

“कोण टाकतंय? खोली तुमचीच राहील, पेटीसकट. पण तुम्ही ठणठणीत आहात असं मी लिहून बसले असते! तुम्ही लपवलंत ते लपवलंत, मी तरी कुठे विचारलं? नुसते आकडे म्हणत बसले. आता डॉक्टरांचा दाखला कुठून आणायचा?”

दारातून बहिणीने पर्समधला कागद पुढे केला.

“शपथ घातली होती ना!” घड्याळजी खेकसले.

“बोलायचं नाही अशी होती. कागदाचं काही ठरलं नव्हतं.”

मंजुरीचा शिक्का साडेचारला वरच्या मजल्यावरील कपाटात बंद होई. भिंतीवर सव्वाचारच वाजले होते. बाईंनी त्यावर विश्वास ठेवला नाही. खुणा खोडून, शेरा लिहून, चपला टेबलाखालीच विसरून त्या जिना चढल्या. बहीण दारात उभी राहून बोटे मोडीत होती, घड्याळजी काट्यांवरचे बोट उचलीत नव्हते.

बाई धापा टाकीत परतल्या. “कुलूप लावत होते! झालं काका.”

घड्याळजींनी काट्यांवरचे बोट उचलले. मग म्हणाले, “त्या घड्याळाची डावी बाजू जरा वर उचला. सरळ चालेल.”

बाईंनी खुर्चीवर चढून ते सरळ केले, पुढच्या अर्जदारास बोलावले, आणि पहिला प्रश्न स्वतः, सावकाश वाचला.

त्या खोलीत हत्यारांची पेटी सुखाने उघडी राहो. कागद जपणाऱ्या बहिणीचे आणि थांबून विचारणाऱ्या त्या बाईंचे कल्याण असो.