खापराची बाई

बसा भाऊ, चहा होईस्तोवर तुम्हाला सोनगीरच्या भिकुबाईची गोष्ट सांगतो. पुरणाच्या मांड्यांची आहे, पण गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भिकुबाई म्हणजे मांड्यांची बाई. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, झुलवत झुलवत असा पसरायची की धोतराचं पान वाटावं. मग तापल्या उलट्या खापरावर अलगद टाकायची. गावात कुणाचंही लगीन असो, खापरापाशी तीच.

मग छातीत गाठ निघाली. ऑपरेशनात डावी छाती गेली, काखेतल्या गाठीही काढल्या. केस गेले, परत आले. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर गेला. पण हा डावा हात जन्मभर जपा. भाजू नका, ओझं उचलू नका. त्यात पाणी साचतं, साधी जखमसुद्धा चिघळते."

आजार अंगातून गेला, लोकांच्या डोक्यातून जाईना. लग्नात गेली की बाया पाट सरकवत, "तुम्ही बसा अक्का, आराम करा." त्या आरामानं बाई सुकत चालली. नवऱ्याला, चिंधाआबाला म्हणायची, "जित्ती शे ना मी? मंग माले पाव्हनी काबर करतस?"

तेवढ्यात जामनेरकडे, माहेरी, भावाच्या ज्योतीचं लगीन निघालं. भावजय कुंदाबाई म्हणाली, "अक्का, मांड्याले फैजपूरनी बाई बोलाई शे. तुमी गाना म्हना."

"मना गळा फाटका शे, हात नई," म्हणत भिकुबाईनं बाह्या वर सारल्या.

"व माय, कितला सुजेल शे हात!"

"तुनाच घरनं तूप शे ते, कुंदा!"

बाया खदखदा हसल्या, अन त्या हसण्यात बाई खापरापाशी बसली. चिंधाआबा मंडपाच्या कामात, अडवायला कुणी नाही.

पहिला मांडा उतरला तशा साऱ्या खापराभोवती गोळा झाल्या. काय मांडा होता! पण दुपार कलली तसा डावा हात शिसं भरल्यागत जड झाला. एक मांडा टाकताना हात खाली आला अन मनगटावरची कातडी खापराला चिकटली. बाईनं ओठ चावला. बोललं तर लगेच पाट सरकवतील. बाही खाली ओढली अन शेवटचा गोळा संपेस्तोवर उठली नाही.

पंगतीत लोकांनी बोटं चाटली. कुंदाबाईनं ओटी भरली, "तुमनासारखा मांडा कोनी नई कराव, अक्का." त्या दिवशी बाईचं तोंड नव्या नवरीसारखं होतं.

दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. "दगदग झाली," म्हणाली. वरात गेली तेव्हा हात खांद्यापर्यंत लाल, अन बाई बरळायला लागलेली. चिंधाआबानं जीपमध्ये घालून जळगावला नेलं.

बाई शुद्धीवर आल्यावर डॉक्टर तिच्यावर खेकसले, "भाजलं तेव्हाच का नाही आलात?"

"मांडे अर्धे राहिले असते ना, साहेब."

जीव वाचला. सुजलेला हात मात्र उतरलाच नाही. केळीच्या खुंटासारखा लोंबतो. मूठ मिटत नाही. ब्लाउजची बटणं चिंधाआबा लावतो, वेणीही तोच घालतो, वाकडी. तपासण्या साफ आहेत, पण गाव म्हणतं, आजार उलटला. आता बसायलाही कुणी बोलवत नाही. कुठं सनई वाजली की बाई घरात जाऊन दार लोटून घेते.

तुमच्या पोरीचं लगीन आहे ना येत्या महिन्यात? भिकुबाईला बोलवा. खापरापाशी नको, तिनं कितीही हट्ट केला तरी नको. पुरणाच्या पातेल्यापाशी बसवा, अन पुरण जमलं का ते पाचजणींदेखत तिलाच विचारा. एवढं करा, भाऊ.